काहिलीत मागं बघायचं नाही

"यावर तुझा विश्वास बसणार नाही," मी केतकीला म्हणालो, "आणि बसलाच, तर पुण्यात राहून तू काही शिकली नाहीस असं मी धरून चालेन."

केतकी म्हणजे शेजारच्या माळी गुरुजींची नात. सुट्टीला आली की दुपारची आमच्या सोप्यात येऊन बसते. ती काय शिकते हे गुरुजींना नीट सांगता येत नाही. चारचौघांत ते म्हणतात, "वेड्यांना नाचवायचं शिकते." मग ती चिडते. तिचं म्हणणं असं, की मनातलं दुखणं कधी कधी बोलण्यातून बाहेर येतच नाही. ते हातापायांत, पाठीत, मानेत जाऊन बसतं आणि मग हालचालीतूनच त्याला वाट द्यावी लागते. त्या दुपारी ती हे मला समजावून सांगत होती आणि शेवटी म्हणाली, "आपल्याकडे हे अगदी नवीन आहे, नाना."

"नवीन? आम्ही हे चौऱ्याहत्तर साली केलंय. माघ महिन्यात. चिपाडांच्या ढिगावर."

आमची मंडळी उंबऱ्यापाशी सूप घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मगरीची सांगा. तीच बरी."

"मगरीची दहादा ऐकलीय, आजी."

"मग अकराव्यांदा ऐक."

विहिरीत पडलेली मगर मी नुसत्या धोतरानं बांधून वर काढली, ती ही गोष्ट. ती खरी आहे. मगर जरा लहान होती आणि धोतर शेजाऱ्याचं होतं, एवढंच. पण त्या दुपारी मला मगर सांगायची नव्हती.

"तेव्हा मी माळावरच्या वेड्यांच्या इस्पितळात अटेंडंट होतो," मी सुरू केलं. "पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कमरेला हा एवढा किल्ल्यांचा जुडगा. खवळलेले दोन दोन रोगी एका वेळी काखेत धरून मी अंगण ओलांडायचो."

"काखेत," मंडळी म्हणाली.

"एकेका काखेत एकेक," मी म्हणालो. केतकी हसली आणि तिनं वही बाजूला ठेवली. मला तेच हवं होतं. वही उघडी असली की गोष्ट अवघडते.

आमच्या वॉर्डात एक रोगी होता, बारा नंबरचा. नाव असेल काहीतरी, पण तिथं नंबरच चालायचा. श्रावणात पूर ओसरल्यावर त्याच्या भावानं आणून सोडला होता. कागदावर एवढंच लिहिलेलं, 'पुरात धक्का बसला.' आता माघ लागला होता. सहा महिन्यांत हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. दिवस उजाडल्यापासून झोप लागेपर्यंत त्याचं एकच काम चालायचं.

ते मी केतकीला करून दाखवलं. चटईवर गुडघे टेकले, गुडघ्यांत अंतर ठेवलं, ढुंगण टाचांवर. कंबर हलकेच फिरती, सूप फिरवताना बाईची फिरते तशी. हात पुढं. उजवा ओढायचा, डावा ओढायचा, उजवा, डावा. सोळा वेळा. मग उजवा हात सुटायचा, कमरेवरून मागं जायचा, आणि पाठीपासून वीतभर अंतरावर थांबायचा. तिथं तो थरथरायचा. पतंगाचा दोरा ताणल्यावर थरथरतो ना, तसा. मग पुन्हा पुढं. पुन्हा सोळा.

"दिवसभर?" केतकीनं विचारलं.

"दिवसभर. जेवणाला हात रिकामा नाही. आम्ही भरवायचो, तर निम्मं सांडायचं. चांगला थोराड गडी होता, त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. जेवणाच्या वेळी आम्ही त्याचे हात पट्ट्यांनी बांधायला लागलो. तर खांदे ओढायचे. खांदे धरले तर मानेच्या शिरा."

आणखी एक होतं. तो कधी मागं वळून बघायचा नाही. मागून हाक मारा, टाळी वाजवा. एकदा आमच्यातल्या एकानं मुद्दाम त्याच्या पाठीमागं पत्र्याची बादली फरशीवर आदळली. अख्खा वॉर्ड उडाला, एकजण रडायला लागला. बारा नंबरची मान तसूभर हलली नाही. मग मोठ्या साहेबांनी कागदावर लिहिलं, 'बहिरा.'

हे मोठे साहेब दर सोमवारी फेरी करायचे. त्या सोमवारी ते बारा नंबरपुढं थांबले, त्याच्या दंडाला दोन बोटं लावली आणि म्हणाले, "याचं इथं काही होत नाही. पुढच्या सोमवारी मागच्या बराकीत हलवा."

मागची बराक म्हणजे काय, ते इस्पितळातल्या मांजरांनाही माहीत होतं. तिथं चोवीस तास पट्टे. नाकातून नळी. मी असेपर्यंत नऊ जण तिकडं गेले. चालत परत आलेला एकही मला आठवत नाही.

"साहेब, मला हे आठ दिवस द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या सुमती लोटलीकर बाई. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या डॉक्टर. काटकुळ्या, पाच फूटसुद्धा नसतील. वॉर्डात शिरताना चपला दाराशी काढायच्या, म्हणून बाकीचे डॉक्टर त्यांना देवळातली बाई म्हणायचे.

"आठ दिवसांत काय करणार? बोलतं करणार?" साहेबांनी विचारलं.

"तो बोलतोच आहे, साहेब. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वाक्य बोलतोय. ते अर्धं राहतंय."

साहेब हसले. म्हणाले, "सोमवारी सकाळी नऊला येतो. वाक्य पुरं झालेलं असू दे."

मंगळवारी बाईंनी पहिली चूक केली. त्यांना वाटलं, हा विहिरीचा दोर ओढतोय. त्यांनी दोन लोखंडी खाटांना जाड दोर ताणून बांधला आणि बारा नंबरला त्याच्यापुढं बसवलं. म्हणाल्या, "हवेत ओढून त्याला समाधान नाही. खरा दोर मिळाला की ओढून ओढून दमेल आणि थांबेल." त्यानं दोर धरला मात्र. असा ओढायला लागला, की खाटा फरशीवर खरडत पुढं यायला लागल्या. त्याचा श्वास फुलला, तोंडाला फेस आला, तळहात सोलून निघाले, दोर लाल झाला, तरी सोडेना. चौघांनी मिळून बोटं उलगडली. त्या दिवसापासून त्यानं पेज गिळणंसुद्धा बंद केलं.

संध्याकाळी बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "चुकलं माझं. मी त्याला अर्थ विचारला नाही, माझाच सांगितला. उद्यापासून तुम्ही त्याच्यासमोर बसायचं."

"आणि काय करायचं?"

"तो करील ते. आरशात दिसतं तसं. कमी नाही, जास्त नाही. श्वास तो घेईल तेव्हा घ्यायचा."

"बाई, लोक मला तेरा नंबर देतील."

"मिळाला तर घ्या," त्या म्हणाल्या.

"हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात," केतकी मध्येच म्हणाली. "समोरच्याची हालचाल आपल्या अंगात घ्यायची. पण त्या बाईंना तेव्हा कुणी शिकवलं?"

"ते मी विचारलं नाही. मी कंबर चोळत होतो."

बुधवारी मी त्याच्यासमोर बसलो. तो ओढी, मी ओढी. बाकीचे अटेंडंट दाराशी उभं राहून खिदळत होते. बुधवार गेला. गुरुवारी गुडघे सुजले, पण एक गोष्ट झाली. त्याच्या डोळ्यांत मी असल्याची काही खूण नव्हती, तरी माझा श्वास चुकला की त्याचाही अडखळायचा. संध्याकाळपर्यंत कोण कुणाच्या मागं चाललंय ते मला सांगता येईना. बाई चमच्यानं त्याच्या ओठाला पाणी लावायच्या. ते हनुवटीवरून खाली यायचं.

शुक्रवारी दुपारी माझ्या पोटात कालवायला लागलं. तोंडाला पाणी सुटलं. मी उठून मोरीवर गेलो आणि ओकलो. परत येऊन बसलो, तर पुन्हा तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

"बाई," मी म्हणालो, "हा जमिनीवर नाही. हा पाण्यावर आहे."

"नावेत?"

"नाव पुढं मागं झुलते. हे गरागरा फिरायला बघतंय आणि हा कमरेनं त्याला धरून ठेवतोय. ही काहील आहे."

केतकीला काहील माहीत होती, पण गुळाची. गुऱ्हाळावर रस आटवायची लोखंडी पसरट कढई. चार-पाच हात रुंद. तिला हे ठाऊक नव्हतं, की आमच्या नदीकाठी पुरात नाव मिळाली नाही की लोक काहील पाण्यात सोडायचे. दोन्ही काठांच्या झाडांना दोर ताणायचा. काहिलीत पाच-सहा माणसं कडेकडेनं बसवायची, आणि एक गडी पुढं गुडघ्यांवर बसून दोराला धरून हातावर हात टाकत ती पलीकडं न्यायचा. काहिलीला ना बूड, ना तोंड. जरा वजन इकडंतिकडं झालं की ती भोवऱ्यासारखी फिरते आणि मग काठावरून पाणी आत घेते.

"म्हणून ओढणाऱ्याला एक नेम असतो," मी सांगितलं. "काहिलीत मागं बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की कंबर, आणि कंबर वळली की काहील गेली. मागं काय चाललंय ते हातानं चाचपायचं, डोळ्यांनी नाही."

"म्हणजे तो बहिरा नव्हता," केतकी सावकाश म्हणाली.

"बाईसुद्धा हेच म्हणाल्या. असंच, सावकाश. मग त्यांनी विचारलं, हातानं काय चाचपतात? मी म्हणालो, काहिलीत पोर असलं तर ते ओढणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसवतात. मधोमध, सगळ्यात राखलेली जागा ती. गडी सोळा-वीस हात ओढतो आणि एकदा हात मागं नेऊन बघतो, पोर आहे ना."

 सोप्यात शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. एक, मग जरा वेळानं दुसरी.

शनिवारी मी तीन गावं पालथी घातली. माघात गुऱ्हाळं चालू, काहील कोण देतो? शेवटी एकाकडं भोक पडलेली जुनी सापडली. बैलगाडीतून ती फाटकातून आत आली तेव्हा वॉर्डातले रोगी जाळीला तोंडं लावून ओरडले, "गूळ आला, गूळ आला." मागच्या अंगणात दोन कडुलिंब होते. त्यांच्यामध्ये दोर ताणला. खाली उसाच्या चिपाडांचा ढीग घातला आणि त्यावर काहील ठेवली. नुसतं बोट लावलं तरी डुलायची.

रविवारी त्याची बायको आली.

ती दर रविवारी यायची. एस.टी.नं फाट्यावर उतरायचं, तिथून दीड कोस चालत. भाकरी आणि दह्याचं गाडगं खिडकीत ठेवायचं आणि लांब जाऊन बसायचं. सहा महिन्यांत ती कधी त्याच्यासमोर आली नव्हती. त्याच्या हाताच्या अंतरात तर नाहीच. तरणी बाई, पंचविशीची. हातात हिरवा चुडा. बाईंनी तिला बोलावून पायरीवर बसवलं.

"काहिलीत त्याच्या पाठीला कोण होतं?" बाईंनी विचारलं.

ती चिपाडांवरच्या काहिलीकडं बघत होती. तशीच म्हणाली, "बनू."

"मुलगी?"

"सहा वर्सांची. मामाच्या गावाला अडकली हुती, पूर आला म्हणून. ह्ये आणायला गेलं."

"तुम्ही कुठं होतात?"

"काठावर. भाकरीचं फडकं घिऊन उभी हुते. काहील मधावर आली आन् मला दिसलं. लाकूड आलं वाहत. काहिलीला लागलं. बनू उडाली न्हाई, काय न्हाई. नुस्ती घसरली. परकर फुगला पाण्यावर. मी वरडले."

"काय ओरडलात?"

"मागं बघा. मागं बघा, मागं बघा. कितींदा, कुणाला ठावं."

"आणि त्यांनी बघितलं नाही."

"काहिलीत मागं बघत न्हाईत," ती म्हणाली. मग म्हणाली, "काठाला लागल्यावर पाच माणसं उतरली. पायांना हात लावाय लागली ह्यांच्या. ह्यांनी हात मागं न्हेला आन् तितच थांबला तो."

"बघितलं असतं तर?"

 तिनं चुड्यातली एक बांगडी फिरवली, सारखी केली.

"तर ती पाच माणसं गेली असती," लोटलीकर बाई म्हणाल्या.

"ठावं हाय मला. सहा म्हैने रोज मोजतिया. पाच आन् एक."

केतकी एव्हाना भिंतीपासून पुढं सरकून बसली होती. मलाही पाणी प्यायचं होतं, पण मागितलं असतं तर मंडळीला उठावं लागलं असतं. मी तसाच पुढं गेलो.

बाईंनी तिला समजावून सांगितलं, जसं मी केतकीला सांगत होतो तसं. म्हणाल्या, त्याचा हात वीतभर अलीकडं थांबतो, कारण पुरता मागं गेला तर तिथं बनू नाही हे त्याला कळेल. जोवर हात थांबलाय, तोवर पोर पाठीशी आहे. उद्या नऊ वाजता तो हात पुढं गेला पाहिजे. नाही गेला तर मागची बराक. "मला तिथं खोटी मुलगी बसवायची नाही," बाई म्हणाल्या. "पण तिथं नुसतं रिकामं असलं, तर हा माणूस त्या रिकाम्यात जाईल. तिथं कुणीतरी असं पाहिजे, की जे त्याच्याइतकंच तिला हरवून बसलंय. तुम्ही बसाल?"

"मग?" केतकीनं विचारलं.

"मग काय. ती उठली. पदर खोचला. म्हणाली, माझ्यानं व्हायचं न्हाई. आणि गेली फाट्याकडं निघून."

पावट्याची शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

"गेली?"

"गेली. दोष कसा देणार, पोरी? मग राहिलं कोण? मी. तीन दिवस त्याच्याबरोबर श्वास घेतलेला माणूस मीच. मी म्हणालो, बाई, मी बसतो."

सोमवारी पावणेनऊलाच साहेब आले. खुर्ची मागवून अंगणात बसले. त्यांच्यामागं दोन अटेंडंट, हातात पट्टे. बाईंच्या पायात चपला नव्हत्या, आणि चिपाडांवरच्या दवानं त्यांची पावलं ओली झाली होती.

बारा नंबरला दोघांनी धरून आणला. काहील दिसली आणि तो उभा राहिला. आधी गुडघे हलले, मग मांड्या, मग जबडा. साहेबांनी हात वर केला. बाई म्हणाल्या, "थांबा." त्या नुसत्या त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्याबरोबर थरथरायला लागल्या. थट्टा नाही, खरोखर. तो थरथरे तशा. हळूहळू दोघंही शांत झाली. मग तो आपल्या पायानं काहिलीत चढला. बरोबर जागेवर बसला. गुडघे टेकले. दोर धरला. तळहातांच्या जखमा अजून ओल्या होत्या.

मी मागं जाऊन बसलो. पाठीला पाठ.

तो ओढायला लागला. चिपाडं कुरकुरली, काहील डुलली, आणि त्याच्या कमरेनं ती सावरली. सहा महिने तो रिकाम्या फरशीवर जे करत होता ते आता कशाला तरी लागू पडत होतं. बाई पुटपुटत मोजत होत्या. चौदा, पंधरा, सोळा. उजवा हात सुटला. मागं आला. वीतभर अंतरावर थांबला.

थरथरला. पुन्हा पुढं गेला.

पुन्हा सोळा. पुन्हा मागं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा दोरावर रक्त दिसायला लागलं आणि त्याचा श्वास फुलला. तोच, मंगळवारचा. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मानेनं खूण केली. पट्टेवाले दोन पावलं पुढं आले. बाईंनी त्यांच्याकडं न बघता तळहात आडवा धरला. पाचव्यांदा सोळा झाले. हात मागं आला आणि थांबला. आता त्याच्या ओठांना फेस होता.

तेव्हा मागून हाक गेली, "मागं बघा."

"कुणी मारली?" केतकीनं विचारलं.

"मी."

"तुम्ही?"

"मग दुसरं कोण होतं तिथं? मी ओरडलो, मागं बघा. मोठ्यानं नाही. काठावरून ओरडतात तसं नाही. पाठीशी बसलेल्या माणसानं म्हणावं तसं. आणि त्याचा हात ते वीतभर अंतर ओलांडून आला. हे असं मनगट पकडलं, की हाड मोडतंय की काय. आणि मग त्याची मान वळली. सहा महिने न वळलेली मान. कडाकडा आवाज आला, साहेबांना खुर्चीपर्यंत ऐकू गेला. खांदा वळला, कंबर वळली, काहील गर्रकन फिरली आणि दोघंही चिपाडांत उपडी झालो. तिथं चिपाडांत पडून, मनगट न सोडता तो पहिल्यांदा बोलला."

"काय बोलला?"

"म्हणाला, 'मला ऐकू आलं हुतं.'"

केतकीनं तोंडावर हात ठेवला.

"एवढंच. तेच पुन्हा पुन्हा. 'मला ऐकू आलं हुतं. तू वरडलेली मला ऐकू आलं हुतं.' मग रडला. दुपारी पेज प्यायला, आपल्या हातानं. साहेबांनी कागदावरचं 'बहिरा' खोडलं. चैत्रात तो घरी गेला. आणि हे सगळं, पोरी, या मनगटावर झालं. त्यानं धरलेल्या बोटांच्या खुणा अजून आहेत, बघ."

मी डावा हात पुढं केला. केतकीनं तो उजेडाकडं धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. शिकलेली पोर. तिच्या कपाळाला आठी पडली.

"इथं काही नाही, नाना."

"पन्नास वर्षं झाली. बुजल्या असतील."

"आणि 'तू वरडलेली' असं तो तुम्हाला का म्हणेल? तुम्ही तर…"

"वेड्याच्या बोलण्याला काय धरायचं," मी म्हणालो. माझा उजवा हात, दाखवता दाखवता मागं नेलेला, अजून पाठीशीच राहिला होता. तो पुढं आणायचं माझ्या ध्यानात नव्हतं.

उंबऱ्यापाशी सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मंडळी उठली, पदराला हात पुसत आली आणि माझ्या मागं चटईवर बसली. आपला डावा हात तिनं माझ्या खांद्यावरून केतकीपुढं धरला. मनगटावर, हाडाच्या जरा वर, चंद्रकोरीसारखी पांढरी खूण आहे. अशाच दोन तिच्या खाली.

"काचंच्या खुना बुजत न्हाईत," ती केतकीला म्हणाली. "हिरवा चुडा हुता, सगळा फुटला. ती बाई न्हाई म्हनाली नव्हती. रातभर त्या लिंबाखाली बसून ऱ्हायली आन् सकाळी काहिलीत चढली. किल्ल्यांचा जुडगा तितल्या अटेंडंटाच्या, दत्तू मांगलेकराच्या कमरंला हुता, तीन दिवस समोर बसला त्यो बी दत्तूच. बनूच्या जागी मी बसले हुते." मग तिनं माझा मागं राहिलेला हात धरला. "आन् दोर ह्यांच्या हातात हुता."